गाठीखाली चार बोटं

दरवर्षी जानेवारीत आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत क्राप्फेनच्या परड्या लागतात आणि दरवर्षी माझं टाळकं सरकतं. खरं तर क्राप्फेनने माझं काही वाकडं केलेलं नाही. तळलेला गोल पाव, वर पिठीसाखरेचा थर, आत रानगुलाबाच्या फळांचा आंबटगोड मुरंबा. न्युरेम्बर्गच्या लोकांना आत हाच मुरंबा लागतो, दुसरा कुठला निघाला तर ते बेकरीवालीशी हुज्जत घालतात. पहिल्या घासाला नाकाला साखर लागते. दुसऱ्या घासाला मुरंबा हनुवटीवर येतो. तिसऱ्या घासाला मला सुहास आठवतो आणि तोंडाची चव जाते.

आपल्याकडे ऋतू सहा. इथे मुळात चारच, पण ही शिस्तीची माणसं पाचवा ऋतू स्वतः तयार करतात आणि त्याला पाचवा ऋतू असंच म्हणतात. अकरा नोव्हेंबरला अकरा वाजून अकरा मिनिटांनी तो सुरू होतो. नाताळात जरा दबून बसतो, जानेवारीत डोकं वर काढतो आणि फेब्रुवारी-मार्चातल्या एका बुधवारी कपाळाला राख लावून संपतो. त्याचं नाव फाशिंग. वर्षभर कचऱ्याच्या डब्यांच्या रंगांवरून शेजाऱ्याला चिठ्ठ्या लिहिणारा माणूस या दिवसांत डोक्याला कोंबड्याचा तुरा लावून बँकेत जातो. बाहेर उणे चार, झाडं काळी, आभाळ पत्र्यासारखं, आणि चौकात चाळीस प्रौढ माणसं काउबॉय होऊन उभी. माझ्या आयुष्यातला एकच ऋतू मला दिवसवार पाठ आहे आणि तो नेमका हा, कुठल्याच पंचांगात नसलेला.

मला राग धरून ठेवता येतो. काही बायकांना लोणचं जमतं तसं मला हे जमतं. आई म्हणायची, मंजिरी, सोडून दे गं. मी सोडत नाही. तेवीस वर्षं झाली, अजून बुरशी आलेली नाही.

यंदा परड्या लागल्या त्याच आठवड्यात मिलिंदचा फोन आला. मिलिंद डोंबिवलीचा, आमच्या इथल्या मराठी मंडळाचा कायमचा अध्यक्ष. कुणाला घर हवं, कुणाला सत्यनारायणाला भटजी हवा, कुणाला सासूबाईंसाठी डॉक्टर हवा, सगळं मिलिंदकडे. टक्कल पडलं, आवाज तोच राहिला.

"मंजे, ऐक. सुहास येतोय. फाशिंगमधल्या त्या गुरुवारी."

मी गॅस बंद केला.

"तो जर्मनी सोडतोय. कायमचा मिरजेला चाललाय. जायच्या आधी तुला एकदा भेटायचंय म्हणतो. आल्झो, म्हणजे मला वाटतं, माफी मागायचीय त्याला."

"मग त्याने मला का नाही फोन केला?"

"अगं, तू कशी रिॲक्ट होशील म्हणून... मला म्हणाला, तूच विचार."

मी फोन ठेवून दिला. तेवीस वर्षांनीही निरोप मिलिंदच्याच हाती! भेटायला जायचं हे मी त्याच क्षणी ठरवलं. माफी द्यायची की नाही, तेवढंच ठरायचं होतं. सुहासला ती नेऊन मिरजेला मोकळं व्हायचं होतं, आणि ती माझ्या ताब्यात होती. इतकी वर्षं काहीच माझ्या हातात नव्हतं. आता होतं.

तेव्हा आम्ही तिघं एकाच वर्षी न्युरेम्बर्गला आलो होतो. एकाच कंपनीत, तीन वेगवेगळ्या मजल्यांवर. मी टेस्टिंगला, मिलिंद सॉफ्टवेअरला, सुहास सगळ्यात वर, डिझाइनला. मंगळवारी संध्याकाळी तिघं मिळून जर्मनच्या वर्गाला जायचो. शिकवायला फ्राऊ एबर्ट होत्या. साठीच्या, लालभडक चष्मा, सिगारेटचा वास आणि व्याकरणाचा मनस्वी कंटाळा. त्या म्हणायच्या, पुस्तकातल्या माणसांना काही होत नाही, म्हणून तुम्हाला त्यांची भाषा येत नाही. मग त्यांनी एक जुना अमेरिकन सिनेमा आणला. कृष्णधवल, घोडदळाचा, जर्मनमध्ये डब केलेला. जुन्या डबिंगमधले लष्करी अधिकारी फार स्वच्छ बोलतात, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला. नोव्हेंबरपासून दर मंगळवारी दहा मिनिटं सिनेमा, मग त्यावर बोलायचं. पुढे काय होणार हे कळायला आठवडा थांबायचं. पाचवा ऋतू आणि तो सिनेमा बरोबरच सुरू झाले. सिनेमाचं नाव मी विसरलेले नाही, पण घेणार नाही.

गोष्ट साधी. वाळवंटात लाकडी किल्ला. एक कॅप्टन, शांत, रुंद जबड्याचा. एक लेफ्टनंट, हसरा, गाणारा. दोघं जिवलग. किल्ल्यावरच्या डॉक्टरची बहीण घोडागाडीतून उतरते, तिच्या टोपीची फीत वाऱ्यावर उडते, आणि दोघंही कामातून जातात. टेकडीवर अधूनमधून दुसरे घोडेस्वार दिसतात, ज्यांची ती जमीन होती ते. त्यांना सिनेमाभर कुणी एक वाक्य बोलू दिलं नाही. जर्मनांना या सिनेमांचं इतकं प्रेम का, ते मला अजून उलगडलेलं नाही. इथे चांगल्या पगाराचे हिशेबनीस उन्हाळ्यात रानात चामड्याचे तंबू ठोकून राहतात. एकदा मी एकाला विचारलं तर तो म्हणाला, तिथे माणूस ठरवतो आणि निघतो. माणूस म्हणजे पुरुष, हे त्याला सांगावंसंही वाटलं नाही.

पण त्या हिवाळ्यात मला हे काही दिसत नव्हतं. वर्ग सुटला की मिलिंदला दुसऱ्या बाजूची ट्राम असायची. सुहास आणि मी पेग्निट्झ नदीच्या काठाने चालत यायचो. सुहास कमी बोलायचा. रस्त्याच्या ज्या बाजूला बर्फ साचलेलं असेल, त्या बाजूने तो चालायचा. खिशात संत्रं ठेवायचा आणि चालता चालता एकसंध साल काढायचा. त्या थंडीत संत्र्याचा वास असा काही यायचा की मला भूक लागायची. त्याच्या खोलीवर गोड्या मसाल्याची आमटी असायची आणि एकच बशी, म्हणून तो पातेल्याच्या झाकणात जेवायचा. जानेवारीत एकदा माझे हातमोजे ट्राममध्ये राहिले. पुलावर त्याने माझे दोन्ही हात आपल्या कोटाच्या खिशांत घातले आणि म्हणाला, "काढू नकोस." आम्ही तसेच उभे राहिलो, समोरासमोर, हास्यास्पद. खाली पाणी वाहत होतं आणि एक बदक आमच्याकडे बघत होतं. आता हा पुढचं वाक्य बोलेल असं मला वाटलं. तो म्हणाला, चल, तुझी ट्राम येईल.

ते पुढचं वाक्य येणार आहे, असं मी महिनाभर धरून चालले. दूरच्या गेर्लिंगेन गावातल्या एका कंपनीकडून त्याला मुलाखतीला बोलावणं आलं होतं, तेव्हा माझ्याकडे बघून तो म्हणाला, "नाही जाणार. इथे बरं चाललंय." याहून वेगळं मुलगी काय समजणार?

टायची गोष्टही त्याच पुलावरची. त्याच्या खोलीत खिळ्याला एक टाय लटकलेला असायचा, मेंदी रंगाचा, बारीक रेषांचा, गाठ मारलेलाच. सुहासला टाय बांधता येत नव्हता. इकडे यायला निघाला त्या सकाळी त्याच्या वडिलांनी आपला टाय स्वतःच्या गळ्यात बांधला, सैल केला, डोक्यावरून काढला आणि ह्याच्या गळ्यात घातला. वडील मिरजेत हायस्कूलला भूगोल शिकवायचे. म्हणाले, गाठ सोडू नकोस, नुसता घालत जा आणि काढत जा. आपल्याकडे हजारो पुरुष असेच टाय वापरतात, त्यात नवल नाही. नवल पुढे झालं. सुहास इथे आल्यावर तीन महिन्यांत वडील गेले. हा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आला तेव्हा खिळ्यावर ती गाठ तशीच होती, त्यांच्या हातची. हे सांगताना तो संत्रं सोलत होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा साल तुटली.

म्हणजे मला माहीत होतं. मी पुढे जे केलं ते माहीत असताना केलं, हे आधीच सांगून ठेवते.

फाशिंगचे मोठे दिवस सुरू होण्याआधीच्या मंगळवारी सिनेमाची शेवटची दहा मिनिटं होती. फ्राऊ एबर्ट म्हणाल्या, सगळ्यांनी सिनेमातलं सोंग घेऊन या. मिलिंदने कुठल्याशा सोंगांच्या दुकानातून घोडदळाचे दोन निळे कोट आणले, पितळी बटणांचे, गळ्याला पिवळे रुमाल. आणि माझ्यासाठी लेसची टोपी.

"तू डॉक्टरची बहीण. आमचं ठरलंय," मिलिंद म्हणाला.

"तुमचं म्हणजे कोणाचं?"

"माझं आणि सुहासचं."

मी टोपी परत दिली आणि घोडा होऊन गेले. ऑफिसमधल्या प्रिंटरच्या खोक्याचं तोंड केलं, तपकिरी लोकरीची आयाळ चिकटवली. कारण अख्ख्या सिनेमात ते दोघं मनातलं कुणाशी बोलत असतील तर घोड्याशी. वर्ग हसून लोळला. मिलिंदने माझ्या खोक्याच्या तोंडात साखरेचा खडा घातला, सुहासनेही घातला. संध्याकाळभर मला साखर भरवून झाली, विचारलं मात्र काही नाही.

मग दिवे मालवून शेवट पाहिला. लेफ्टनंट कॅप्टनला सांगतो की माझं तिच्यावर प्रेम आहे. कॅप्टन वर बघतो. तिच्या खोलीतला दिवा दिसतोय. तो लेफ्टनंटच्या खांद्यावर हात ठेवतो, दूरच्या चौकीवरची नेमणूक मागून घेतो आणि सकाळी घोडा वळवून जातो. ती दरवाजात उभी. हातात रुमाल. संगीत. वर्गात कुणीतरी नाक ओढलं.

फ्राऊ एबर्टनी प्रत्येकाला एकेक वाक्य बोलायला लावलं. मिलिंद म्हणाला, लेफ्टनंट नशीबवान आहे. सुहास निळ्या कोटात सरळ बसला होता. तो म्हणाला, कॅप्टन चांगला मित्र आहे. माझी पाळी आली. मी खोक्याच्या आतून म्हणाले, "त्या बाईला कुणी का विचारत नाही?"

फ्राऊ एबर्टनी लाल चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, आणि मुद्दाम त्या दोघांकडे बघितलं. दोघं एकमेकांचे पिवळे रुमाल सोडवत होते.

त्या दिवशी पुलावरून मी एकटी आले. मिलिंदला सुहासशी काही बोलायचं होतं म्हणे.

बुधवारी कान्टीनमध्ये मिलिंद ट्रे घेऊन माझ्यासमोर बसला. घामाघूम. बाहेर उणे सहा होतं. "मंजे, मी सरळच बोलतो. मला तू आवडतेस. मी आधी सुहासशी बोललो, कारण मला वाटलं, तुमचं काही असेल. तर तो म्हणाला, नाही, तू विचार, मी बाजूला होतो. गेर्लिंगेनलाही जातोय तो. उद्याच मुलाखत आहे, बाराची गाडी. काय माणूस आहे ना!"

मिलिंदच्या डोळ्यांत पाणी होतं. मित्रासाठी! माझ्या समोरच्या सुपावर साय धरत होती. मला आठवतंय, मला आधी काहीच वाटलं नाही. मग पायाच्या नखापासून संताप चढत गेला. मंगळवारी संध्याकाळी, मी ट्रामची वाट पाहत असताना, दोन निळे कोट माझं वाटप करून मोकळे झाले होते. एकाने दिली, दुसऱ्याने घेतली, दोघांनी एकमेकांना मोठं म्हटलं. मी मिलिंदला नाही म्हणाले. तो दोन दिवस कान्टीनला आला नाही. सोमवारी बटाट्याचं सॅलड दोनदा घेताना दिसला. मिलिंदवर माझा राग नाही राहिला. त्याने निदान येऊन विचारलं तरी.

आणि मग तो गुरुवार. फाशिंगमधला हा गुरुवार बायकांचा. आमच्या मजल्यावर बेआटे नावाची क्योल्न शहरातली बाई होती आणि तिने तिकडची पद्धत इथे आणून रुजवली होती. अकरा वाजून अकरा मिनिटांनी बायका कात्र्या घेऊन निघायच्या आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापायच्या. कापल्यावर त्याच्या गालाला ओठ टेकवायचे, हा नियमाचा दुसरा भाग. तुकडे भिंतीवर टाचायचे. त्यामुळे त्या दिवशी शहाणा माणूस टाय घालत नाही, किंवा टाकाऊ घालतो. बेआटेने मला आठवडाभर आधी सगळं समजावलं होतं. डिझाइनच्या मजल्यावर टाय कुणीच घालत नसे, म्हणून सुहासला कुणी काही सांगितलं नाही. आमचं ते पहिलंच वर्ष.

सकाळी नऊला तो लिफ्टमध्ये भेटला. गळ्यात मेंदी रंगाचा टाय. बाराच्या गाडीसाठी तयार होऊन आला होता. "तुझ्याशी बोलायचं होतं," म्हणाला. "संध्याकाळी बोलू?" मी म्हटलं, बोलू. एक वाक्य पुरलं असतं. सुहास, टाय काढून खिशात ठेव. तिसरा मजला आला, चौथा आला. मी लिफ्टमधले आकडे बघत राहिले आणि माझ्या मजल्यावर उतरले.

अकरा अकराला बेआटे पुढे आणि आम्ही आठ-नऊ जणी मागे, शिट्ट्या वाजवत जिन्याने वर. डिझाइनच्या दारात सुहास फाइल घेऊन उभा होता. बायकांनी हर्षाने आरोळी ठोकली. त्याला वाटलं, ही कसली तरी गंमत आहे, आणि तो हसला. बेआटेने कात्री उघडली. मी तिच्या हातातून ती घेतली.

तो माझ्याकडे बघत होता. हसणं हळूहळू गेलं. त्याने टायवर हात ठेवला नाही, मागे सरकला नाही. मी टायचं टोक डाव्या हातात धरलं, गाठीखाली चार बोटं मोजली आणि कापलं. रेशीम कापताना आवाज येतो, कुणी दातांत श्वास ओढावा तसा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "आता पापा, पापा!" बेआटे ओरडली. मी वळले आणि जिना उतरले. नियमाचा दुसरा भाग मी पाळला नाही.

तुकडा भिंतीवर टाचला नाही. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

सूड किती मूर्ख असतो पाहा. गळ्यात चार बोटांचा टाय लटकवून सुहास गेर्लिंगेनला पोचला. मुलाखत घेणारा साहेब त्याच्याकडे बघून खो खो हसला, म्हणाला, हा माणूस आमच्यात चांगला मिसळेल, आणि नोकरी जागेवर दिली. हे मला मिलिंदनेच सांगितलं. घोडा त्याने वळवला होता, पण त्याला टाच मारली ती मी. संध्याकाळी तो बोलणार होता ते राहूनच गेलं. पुढच्या महिन्यात त्याने खोली सोडली.

तीन वर्षांनी श्टेफानने मला विचारलं, इथल्याच एका ट्रामच्या थांब्यावर. हातात काही नव्हतं, गुडघ्यावर वगैरे बसला नाही. सरळ विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबला. आमची ट्राम आली आणि गेली, तरी थांबला. मी त्याच्याशी लग्न केलं त्याची बरीच कारणं आहेत, पण पहिलं हे. संसार चांगला झाला. त्यामुळे माझा राग दुःखातून आलेला नाही. मी सुखी आहे आणि तरी मला राग आहे. या दोन गोष्टी एका घरात आरामात राहतात.

आमची इरा सतराची. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. भेटीच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मी ड्रॉवर उपसत होते तेव्हा ती दारात उभी राहिली.

"मामा, वास इस्ट दास?" इथे आईला मामा म्हणतात.

"टायचा तुकडा. एका माणसाचा कापला होता मी. उद्या तो यायचाय, माफी मागायला."

मी तिला थोडक्यात सांगितलं. तिने पोरीबाळी ऐकतात तसं, एका पायावर उभं राहून ऐकलं. मग जर्मनमध्ये म्हणाली, त्याला मोहरी भरलेला क्राप्फेन दे. इथे फाशिंगमध्ये हा जुना चावटपणा आहे, दहांतल्या एकात मुरंब्याऐवजी मोहरीची चटणी भरतात. सूचना वाईट नव्हती. मी विचार केला आणि सोडून दिली. मोहरी पाण्याने उतरते. मी पर्समध्ये तो तुकडा ठेवला आणि स्वयंपाकघरातली कोथिंबीर कापायची कात्रीही ठेवली. का ठेवली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

वाक्यं मात्र तयार होती. तेवीस वर्षांत मी त्यांना घासूनपुसून लखलखीत केलं होतं. भांडी घासताना, ट्राममध्ये, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असताना. त्यातली काही इतकी छान होती की ती वाया जातील या विचाराने मला हळहळ वाटायची.

गुरुवारी दुपारी स्टेशनसमोरच्या कॅफेत तो आधीच येऊन बसला होता. बाहेर चेटकिणींचे, समुद्री चाच्यांचे घोळके. आत कागदी झिरमिळ्या. केस पांढरे, खांदे थोडे वाकलेले. आणि गळ्यात टाय. निळा, नवा, पूर्ण. आज, या दिवशी!

"ये," तो म्हणाला. "बदलली नाहीस."

"बदललेय. तू बघितलं नाहीस."

त्याने दोन क्राप्फेन मागवले होते. मी खुर्ची ओढली. टायची गाठ वाकडी होती. माझी नजर बघून तो म्हणाला, "मोबाइलवर व्हिडिओ बघून बांधलाय. पाचव्या वेळेला जमलं."

मग बोलायला लागला. "मिलिंदने त्याच्या मनातलं मला आधी सांगितलं गं. मग मी कसं..."

"ते मला पाठ आहे. मित्रासाठी घोडा वळवलास. पुढचं बोल."

तो कपातल्या कॉफीकडे बघत राहिला. "पुढचं असं आहे, की मिलिंद हे निमित्त होतं. मला तुझी भीती वाटायची. तुला विचारलं आणि तू नाही म्हणालीस तर? बाबा नुकतेच गेले होते. आणखी एक 'नाही' मला झेपलं नसतं. मिलिंद बोलला तेव्हा, खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्याने मला मोठ्या मनाचा वगैरे म्हटलं, आणि मी ते घालून फिरलो. इतकी वर्षं. मिलिंदला अजून तसंच वाटतं."

माझी सगळी वाक्यं कॅप्टनसाठी होती. तेवीस वर्षं मी एका रुंद जबड्याच्या, ताठ, उदात्त माणसाचा द्वेष केला होता, आणि समोर तो नव्हताच. मिरजेचा एक घाबरलेला मुलगा होता, पन्नाशीचा. त्याग म्हणून जो मी उरी बाळगला, तो मिलिंदने सोंगांच्या दुकानातून आणलेला निळा कोट निघाला. मला हसू यायला हवं होतं. मला आणखीच राग आला. उदात्त माणसाने टाकलं याला निदान काही उंची होती.

त्याने खिशातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं. ती गाठ होती, खाली चार बोटं टाय. "गाठ वाचवलीस तू," तो हळू म्हणाला. "अगदी मोजून कापलंस. ते मला गाडीत बसल्यावर कळलं."

"घाईत कापला. चुकून वाचली."

हे खोटं होतं आणि ते त्यालाही माहीत होतं. मी पर्समधून माझा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. तो माझा नव्हता, त्याच्या वडिलांचा होता, तो परत करायलाच हवा होता. सुहासने दोन्ही जोडून ठेवले. कडा जुळल्या, रंग जुळला नाही. माझा ड्रॉवरमध्ये मेंदीच राहिला होता, त्याचा उन्हाने विटला होता. 

"मंजिरी," तो म्हणाला आणि छाती पुढे करून बसला. "आज मी मुद्दाम टाय घालून आलोय. गाडीत दोन मुली कात्री घेऊन आल्या होत्या. त्यांना हात जोडले, म्हटलं, हा राखून ठेवलाय. तू कापशील? आणि नियमाचा तो दुसरा भाग... तो राहिला होता. तेवढं झालं, की मी मोकळा होईन. मिरजेला जाऊन निवांत बसेन."

माझा हात पर्समध्येच होता. कोथिंबिरीच्या कात्रीचा दांडा बोटांना लागत होता, गार. खूप सोपं होतं. एक कच, गालाला ओठ, दोघांच्या डोळ्यांत पाणी, बाहेर बँड वाजतोच आहे. अगदी सिनेमासारखा शेवट.

"तू मला विचारतोयस?" मी म्हटलं.

"हो."

"मिलिंदला नाही, मला?"

"तुलाच विचारतोय गं."

"मग माझं उत्तर 'नाही' असं आहे."

त्याने पापण्या मिटल्या आणि उघडल्या. मी पर्सची चेन लावली. त्याला जे एक 'नाही' झेपणार नव्हतं, ते शेवटी त्याला मिळालं. तेवीस वर्षं उशिरा, पण माझ्या तोंडून.

"आणि तेव्हा विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं," मी म्हणाले. "तेही घेऊन जा."

त्याने कप बाजूला सरकवला. मग गाठ आणि तुकडा एकाच रुमालात बांधले, कोट चढवला, आणि "येतो" म्हणून गेला. काचेतून मी बघत राहिले. चौकात कात्र्या घेतलेल्या बायका होत्या, हसणाऱ्या, रंगलेल्या. त्यांच्यामधून तो अख्खा टाय छातीशी धरून स्टेशनात शिरला आणि कुणी त्याला अडवलं नाही. बरं वाटलं का मला? वाटलं. थोडं रडूही आलं, पण बरं वाटलं.

त्याच्या बशीतला क्राप्फेन तसाच होता. मी तो ओढून घेतला. पहिल्या घासाला नाकाला साखर लागली. दुसऱ्या घासाला मुरंबा हनुवटीवर आला. तिसऱ्या घासाला नुसताच मुरंबा होता, आंबटगोड, आणि मी तो संपवला.